बादलीभर बिअर, बुधलाभर मीड: नवशिक्यांसाठी एका शनिवारचा आराखडा

बिअर बनवण्याचा दिवस म्हणजे खरं तर भांडी धुण्याचा दिवस. पाच-सहा तासांतला निम्मा वेळ घासण्यात आणि निर्जंतुक करण्यात जातो. उरलेल्यातला बराचसा पाणी तापायची नाहीतर निवायची वाट बघण्यात. ही तयारी मनाशी ठेवून उतरलात तर दिवस मजेत जातो.

मी न्यू जर्सीत राहतो. इथे आमचा मराठी-अमराठी मित्रांचा एक कंपू आहे आणि हवा जरा गार झाली की कुणा ना कुणाच्या घरी शनिवारी पातेलं चढतं. नवीन माणूस आला की त्याला जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय. बिअर आणि मीड एकाच दिवशी करायला सांगतो, यामागे साधा हिशेब आहे. बिअरला पहिल्या दिवशी भरपूर कष्ट असतात, पण महिन्याभरात ती ग्लासात येते. मीडला, म्हणजे मध आंबवून केलेल्या वाइनला, पहिल्या दिवशी अर्धा तास पुरतो आणि नंतर महिनोन्‌महिने थांबावं लागतं. बिअरच्या उकळीत जो रिकामा पाऊण तास मिळतो, त्यात मीड बसून जातं. शिवाय सॅनिटायझरची बादली भरलेलीच असते.

आधी कायदा

अमेरिकेत जिमी कार्टर यांनी ऑक्टोबर १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने घरी बिअर करणं संघराज्य पातळीवर करमुक्त झालं. घरात एक प्रौढ असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा अधिक असतील तर २०० गॅलन. विकायची मात्र नाही. राज्यांचे नियम वेगळे असतात. मिसिसिपी आणि अलाबामा या राज्यांनी तर २०१३मध्ये परवानगी दिली. तेव्हा आपल्या राज्याचा नियम एकदा वाचून घ्या. ब्रिटनमध्ये १९६३पासून घरगुती बिअरसाठी परवाना लागत नाही. ऊर्ध्वपातन, म्हणजे घरी भट्टी लावून दारू गाळणं, हा अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे. त्या वाटेला जाऊ नका.

महाराष्ट्रातल्या वाचकांनो, तुमच्याकडे १९४९चा दारूबंदी अधिनियम लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. तुम्ही हा लेख माहिती म्हणून वाचा. मीड चाखायचंच असेल, तर पुणे-नाशिककडे परवानाधारक मीडरी आहेत, त्यांचं घ्या.

काय काय लागेल

अमेरिकेतले बहुतेक संच पाच गॅलनच्या, म्हणजे १९ लिटरच्या हिशेबाने येतात. तेच प्रमाण धरू. पहिल्या खेपेला सगळं धान्य स्वतः दळून, पाण्यात मुरवून साखर काढायच्या भानगडीत पडू नका. माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा तयार अर्क, पावडरच्या रूपात मिळतो. तो वापरा. काही जण याला शॉर्टकट म्हणून नाकं मुरडतात, मुरडू द्या. चांगल्या अर्काची आणि ताज्या हॉप्सची (बिअरला कडूपणा आणि सुगंध देणाऱ्या वेलीच्या फुलांची) बिअर घाईने केलेल्या ऑल-ग्रेनपेक्षा केव्हाही सरस.

बिअरसाठी (अमेरिकन पेल एल, १९ लिटर):
- फिक्या रंगाचा सुका माल्ट एक्स्ट्रॅक्ट अडीच किलो
- क्रिस्टल ४० माल्ट, जाडसर भरडलेला, २२५ ग्रॅम, आणि तो बांधायला मलमलची पिशवी
- कॅस्केड हॉप्सच्या गोळ्या ८४ ग्रॅम (२८ ग्रॅमच्या तीन पुड्या)
- यूएस-०५ यीस्टचं एक पाकीट (११.५ ग्रॅम)
- बाटल्या भरताना लागणारी डेक्स्ट्रोज साखर ११५ ग्रॅम

मीडसाठी (एक गॅलन):
- मध १.१ किलो
- लाल्विन ७१बी यीस्टचं एक पाकीट (५ ग्रॅम)
- गो-फर्म आणि फर्मेड-ओ ही यीस्टची पोषकं, थोडी थोडी

भांड्यांत निदान २० लिटरचं स्टीलचं पातेलं हवं. आंबवायला साडेसहा गॅलनची झाकणाची बादली, मीडसाठी गॅलनचा काचेचा बुधला, दोन एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न घेणारी बुचं), ऑटो-सायफन (भांडं न हलवता द्रव दुसरीकडे काढायचा पंप) आणि नळी, थर्मामीटर, हायड्रोमीटर (द्रवात तरंगून त्याची घनता, म्हणजे त्यातली साखर, दाखवणारं काचेचं मापक) आणि त्याची उंच नळी, नळ लावलेली दुसरी बादली, बुचं दाबायचं यंत्र आणि क्राऊन कॅप. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा घ्याच. हॉप्स अंदाजाने टाकू नयेत.

पाण्याबद्दल एक. नळाच्या पाण्यात क्लोरीन किंवा क्लोरामाइन असतं आणि त्यातून पुढे बिअरला दवाखान्यासारखा वास येऊ शकतो. क्लोरामाइन नुसतं उकळून पटकन जात नाही. १९ लिटरला कॅम्पडेनची (सल्फाइटची) पाव गोळी चुरून टाकली की काम होतं. किंवा सरळ दुकानातून स्प्रिंग वॉटरचे कॅन आणा. त्यातलं नऊ लिटर आदल्या रात्री न उघडता फ्रिजमध्ये ठेवा. त्याचा उपयोग दुपारी कळेल.

धुणं आणि निर्जंतुक करणं

ही दोन वेगळी कामं आहेत आणि नवशिक्यांची गल्लत इथेच होते. डोळ्यांना दिसणारी घाण आधी घासून, धुऊन काढायची. सुवासिक साबण नको, आणि प्लॅस्टिकच्या बादलीला तारेची घासणी तर अजिबात नको. ओरखड्यांत जंतू घर करतात आणि मग काही केल्या निघत नाहीत. स्वच्छ झालेल्या भांड्यालाच सॅनिटायझर लावायचा, कारण घाणीवर तो चालत नाही.

आम्ही स्टार सॅन वापरतो. १९ लिटर पाण्याला ३० मिलिलिटर. कमी हवं असेल तर लिटरला दीड मिलिलिटर. भांडं त्यात मिनिटभर ओलं राहिलं पाहिजे, आणि नंतर धुवायचं नाही. फेस खूप होतो. बादलीच्या तळाशी राहिलेला फेस बघून नवा माणूस हमखास अस्वस्थ होतो आणि नळाखाली धरायला धावतो. धरू नका. सांगितलेल्या प्रमाणात तो फेस निरुपद्रवी असतो, उलट नळाच्या पाण्याने निर्जंतुक केलेलं भांडं पुन्हा बाटतं. थोडं द्रावण स्प्रेच्या बाटलीत भरून कमरेला अडकवल्यासारखं जवळ ठेवा. कात्री, यीस्टच्या पाकिटाची कड, झाकण, स्वतःचे हात, सगळ्यावर फवारत चला.

नियम लक्षात ठेवायला सोपा आहे. उकळीच्या आधी जे वापरता ते नुसतं स्वच्छ चालतं. उकळी बंद झाल्यावर वर्टला, म्हणजे त्या गोड काढ्याला, जे जे शिवेल ते निर्जंतुक हवं. मीडमध्ये उकळी नाहीच, तिथे पहिल्यापासून सगळंच निर्जंतुक.

सकाळ: दाणे मुरवणं

पातेल्यात ११ लिटर पाणी घ्या. पूर्ण १९ लिटर घेऊ नका. घरच्या शेगडीवर ते उकळायलाच दुपार होईल आणि निववणं त्याहून कठीण. पाणी ६८ अंश सेल्सिअसला आलं की आच मंद करा आणि क्रिस्टल माल्टची पिशवी सोडा. वीस ते तीस मिनिटं. तापमान ७५च्या वर जाऊ देऊ नका, सालींतला तुरटपणा उतरतो. पाणी तांबूस होतं, घरभर भाजक्या धान्याचा आणि किंचित कॅरॅमलचा वास सुटतो. पिशवी उचला, निथळू द्या, बाजूला ठेवा.

प्रोपेनची शेगडी वापरणार असाल, तर ती उघड्यावरच. थंडी आहे म्हणून गॅरेजचं दार अर्धं लावून आत पेटवायची नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उकळी

आच बंद करा आणि मगच एक्स्ट्रॅक्टची निम्मी पावडर, म्हणजे सव्वा किलो, हळूहळू ढवळत घाला. आच चालू ठेवली तर पावडर तळाशी बसून करपते. पुडा पातेल्याच्या थेट वर धरू नका. वाफ लागली की पुड्याच्या तोंडाशीच दगड होतो. गुठळ्या झाल्या तरी घाबरायचं कारण नाही, पाच मिनिटांत विरघळतात. उरलेला सव्वा किलो शेवटासाठी राखा. पाणी कमी आहे, त्यात सगळी साखर आधीच कोंबली तर रंग गडद होतो आणि हॉप्सचा कडूपणाही नीट उतरत नाही.

आता आच मोठी करा आणि जागचे हलू नका. उकळी फुटायच्या आधी वर पांढुरका, चिकट फेसाचा थर जमतो. तो आधी कडेने सरकतो, मध्ये खड्डा पडतो, आणि मग पातेल्याच्या मध्यातून फुगत एकदम वर येतो. दुधासारखंच, फक्त दूध उतू गेलं तर ओटा पुसला की झालं. हे उतू गेलं की साखरेचा पाक शेगडीच्या फटींत जाऊन जळतो आणि चार दिवस घराला वास मारतो. दुसऱ्या एका स्प्रेच्या बाटलीत साधं गार पाणी भरून ठेवा, फेस चढू लागला की फवारा मारा आणि आच उतरवा. पाच-दहा मिनिटांत फेस बसतो, अंडं फुटून शिजावं तसे प्रथिनांचे पुंजके काढ्यात फिरताना दिसतात. फेस असा बसला की धोका टळला.

फेस बसल्यावर हॉप्सची पहिली पुडी, २८ ग्रॅम, आणि घड्याळ लावा: ६० मिनिटं. हॉप्स टाकताच फेस पुन्हा एकदा उसळतो, म्हणून थोडे थोडे टाका. ही पुडी फक्त कडूपणासाठी. तासभर उकळल्यावर तिचा सुगंध काही उरत नाही, पण हॉप्समधल्या आम्लांचं रूप बदलून ती कडू होतात आणि विरघळतात. उलट शेवटी टाकलेले हॉप्स कडूपणा थोडा आणि सुगंध जास्त देतात. कॅस्केडचा वास पपनसाच्या सालीकडे झुकतो, त्यात थोडी फुलंही.

झाकण पूर्ण लावू नका. उकळी जोमदार असावी, पण उड्या मारणारी नको.

मधल्या पाऊण तासात मीड

एकाने पातेल्यावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याने मीड घ्यायचं. एकटे असाल तरी जमतं, फक्त मधाने बरबटलेल्या हातांनी शेगडीची बटणं फिरवायला लागू नये, इतकं बघा.

मध कुठला? पहिल्यांदा क्लोव्हर किंवा साधा रानफुलांचा चालेल. ऑरेंज ब्लॉसमचा मिळाला तर मीडला संत्र्याच्या मोहराचा सुंदर वास राहतो. थोडा महाग पडतो, पण एका गॅलनला परवडतो. बाटलीवर ‘मध’ याखेरीज काही साखर-सिरप लिहिलंय का ते वाचा.

जुन्या पाककृतींत मध पाण्यात उकळायला सांगतात. करू नका. उकळल्याने मधाचा वास वाफेबरोबर उडून जातो, आणि त्याची गरजही नाही. मधात पाणी १७-१८ टक्केच असतं, त्यामुळे नुसत्या मधात यीस्ट वाढू शकत नाही. पाणी घालून तो पातळ केला की आंबायला तयार. मधाची बाटली कोमट पाण्यात वीस मिनिटं उभी करा म्हणजे पटकन ओघळतो.

निर्जंतुक केलेल्या बुधल्यात लिटरभर स्प्रिंग वॉटर, त्यावर सगळा मध. बाटलीत चिकटलेला मध थोड्या पाण्याने खळबळून तोही आत. झाकण लावून दणदणीत हलवा, मध तळाशी काकवीसारखा बसून राहता कामा नये. मग आणखी पाणी घालून बुधल्याच्या खांद्यापर्यंत, साधारण ३.६ लिटरला आणा. वर जागा राहू द्या. पुन्हा हलवा, या टप्प्यावर हवा मिसळलेली चांगली, यीस्टला सुरुवातीला प्राणवायू लागतो.

आता हायड्रोमीटर. नळीत थोडं मिश्रण घ्या, हायड्रोमीटर सोडून हलकेच फिरवा म्हणजे कडेचे बुडबुडे सुटतात. डोळे द्रवाच्या पातळीला आणा. काचेच्या दांडीपाशी द्रव किंचित वर चढलेला दिसतो. तो चढाव सोडून खालची सपाट रेघ वाचायची. पाणी म्हणजे १.०००. तुमचा आकडा १.०८५ ते १.०९०च्या मध्ये यायला हवा. वहीत लिहा. नमुना परत ओतू नका, चाखा. पुढे सहा महिन्यांनी प्याल तेव्हा सुरुवातीची गोडी आठवायला बरी.

मीडच्या यीस्टला जरा लाड लागतात. सव्वाशे मिलिलिटर पाणी ४० अंशांपर्यंत कोमट करा, त्यात सहा ग्रॅम गो-फर्म मिसळा, वर यीस्ट भुरभुरा आणि पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्या. वर साय धरल्यासारखं होईल. त्यात बुधल्यातले दोन-तीन चमचे घालून त्याचं तापमान हळूहळू खाली आणा, दोन्हींत दहा अंशांहून जास्त फरक नको, आणि मग ओता. एअरलॉक लावा, त्यात पाण्याऐवजी सॅनिटायझर भरा. झालं. शेगडीकडे परत.

उकळीचा शेवट आणि निववणं

पंधरा मिनिटं उरली की आच बंद, राखलेला सव्वा किलो एक्स्ट्रॅक्ट, नीट ढवळा, पुन्हा उकळी. उकळी परत यायला लागलेली मिनिटं मोजायची नाहीत. दहा मिनिटं उरली की हॉप्सची दुसरी पुडी. आच बंद केल्यावर तिसरी. गॅस बंद झाला त्या क्षणापासून सगळं निर्जंतुक, हे पुन्हा एकदा मोठ्याने म्हणा. या वेळेपर्यंत घरात गप्पा रंगलेल्या असतात आणि कुणीतरी चव बघायला भाजीचा डाव पातेल्यात घालतोच. आमच्याकडे यासाठी नियम आहे: वर्ट निवून बादलीत जाईपर्यंत यजमानाने पहिली बिअर उघडायची नाही. पाहुण्यांनी प्यावी, पण शेगडीपासून दूर.

सिंकमध्ये बर्फ आणि पाणी भरून पातेलं त्यात बसवा. बाहेरचं पाणी ढवळत राहा, आतलं निर्जंतुक चमच्याने. बर्फ वितळला की बदला. तांब्याच्या नळीचा चिलर असेल तर काम लवकर होतं, पण दहा लिटरसाठी तो विकत आणायला हवा असं नाही. तीस-चाळीस मिनिटांत तापमान ३३ अंशांच्या आसपास येतं. आता सकाळी फ्रिजमध्ये असलेलं नऊ लिटर गार पाणी काढा. दहा लिटर वर्ट ३३ अंशांवर आणि नऊ लिटर पाणी पाच अंशांवर: बादलीत मिसळलं की वीसच्या जवळ येतं. बर्फाशी आणखी तासभर झुंजायची गरज उरत नाही.

बादलीत ओतताना उंचावरून, धबाधबा ओता. हॉप्सचा गाळ थोडा गेला तर चालतो. झाकण लावून बादली पाच मिनिटं डोलवा. हवा मिसळायची ही एकच वेळ. यानंतर बिअरला हवा लागली की ती शिळी होते.

ग्रॅव्हिटी, म्हणजे हायड्रोमीटरवरचा आकडा, मोजा. १.०५०च्या आसपास अपेक्षित आहे. फारच कमी-जास्त आलं, तर बहुतेक वेळा जाड वर्ट खाली आणि पाणी वर राहिलेलं असतं, नीट मिसळलेलं नसतं. एक्स्ट्रॅक्ट मोजून घातला असेल आणि एकूण १९ लिटर असेल, तर हिशेब चुकायला जागाच नाही. साखर आणून ओतत बसू नका.

यूएस-०५ भिजवायचीही गरज नाही. पाकीट फवारून कापा आणि वर्टवर सगळीकडे भुरभुरा. झाकण, एअरलॉक, आणि दोन्ही भांडी बेसमेंटच्या काळोख्या कोपऱ्यात. मग पातेलं घासायला घ्या. हे काम रात्रीवर टाकलंत, तर सुकलेला वर्ट खरवडून काढताना माझी आठवण येईल.

बिअरचे पुढचे दिवस

बारा ते चोवीस तासांत एअरलॉक बुडबुडू लागतो. कधी दीड दिवसही लागतो. बुडबुडे दिसत नाहीत म्हणून झाकण उघडून बघू नका. झाकणाच्या कडेने हवा निसटत असेल तरी बुडबुडे दिसत नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर तपकिरी, दाट फेस येतो आणि तो एअरलॉकमधून बाहेर यायला लागला, तर एअरलॉक काढून जाड नळी लावा आणि तिचं दुसरं टोक सॅनिटायझरच्या भांड्यात बुडवा.

पहिले चार दिवस तापमानाचे. १८ ते २० अंश हवेत. यीस्ट काम करताना स्वतःच उष्णता सोडतं, त्यामुळे बादलीतलं तापमान खोलीपेक्षा दोन-तीन अंश जास्त असतं. गरम झालेलं यीस्ट डोकं धरायला लावणारी जड अल्कोहोलं तयार करतं. बादली पाण्याच्या टबात ठेवून त्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आलटून पालटून टाकणं, हा स्वस्तातला उपाय. न्यू जर्सीच्या जुलैत तेही पुरत नाही, म्हणून आम्ही उन्हाळ्यात सुट्टी घेतो.

दोन आठवडे हात लावू नका. मग ग्रॅव्हिटी मोजा, तीन दिवसांनी पुन्हा मोजा. दोन्ही आकडे एकच, साधारण १.०१० ते १.०१२ आले की आंबणं संपलं. सुरुवातीच्या आकड्यातून शेवटचा वजा करून १३१ने गुणलं की अल्कोहोलची टक्केवारी मिळते. इथे जवळपास पाच.

बाटल्या

या बाबतीत मी कडक आहे. आकडा स्थिर झाल्याशिवाय बाटली भरायची नाही. उरलेली साखर बंद बाटलीत आंबली की काच फुटते, आणि फुटते म्हणजे तुकडे भिंतीत रुततात. आमच्या कंपूतल्या एकाच्या कपाटात मध्यरात्री एक फुटली, तिच्या धक्क्याने शेजारच्या दोन. सुदैवाने कपाटाचं दार बंद होतं.

तपकिरी काचेच्या, ओपनरने उघडायच्या बाटल्या जमवा. पिळून उघडायच्या बाटल्यांवर क्राऊन कॅप घट्ट बसत नाही. हिरव्या आणि पारदर्शक बाटल्यांतून उजेड जातो आणि हॉप्समधल्या घटकांपासून कुबट वास तयार होतो. १९ लिटरला ३५५ मिलिलिटरच्या पन्नासेक लागतात.

११५ ग्रॅम डेक्स्ट्रोज दोन कप पाण्यात उकळून गार करा आणि नळाच्या बादलीत ओता. त्यावर सायफनने बिअर सोडा, नळीचं टोक तळाशी वळवून, म्हणजे खळखळाट न होता ती गोल फिरत साखरेत मिसळते. तळाचा गाळ तिथेच राहू द्या. बाटल्या भरा, बुचं दाबा, वीस-एकवीस अंशांना दोन आठवडे उभ्या ठेवा. नंतर फ्रिजमध्ये दोन दिवस. ओतताना शेवटचा बोटभर भाग बाटलीतच ठेवा, त्यात यीस्ट बसलेलं असतं. पोटाला बाधत नाही, पण ग्लास गढूळ दिसतो.

मीडचे पुढचे महिने

मधात साखर अमाप आणि नत्र नगण्य. उपाशी यीस्ट सडक्या अंड्याचा वास सोडतं आणि मध्येच थांबतं. म्हणून फर्मेड-ओ: एकूण साडेतीन ग्रॅमच्या आसपास, चार भागांत. पहिला २४ तासांनी, दुसरा ४८, तिसरा ७२, आणि चौथा आठवड्याने किंवा एक तृतीयांश साखर संपली की, जे आधी होईल तेव्हा.

देताना आधी बुधला हलकेच गोल फिरवून विरघळलेला वायू जाऊ द्या. कोरडी पावडर थेट टाकली, तर बुधल्यातून कारंजं उडतं आणि अर्धा मध छताला लागतो. चमचाभर पाण्यात कालवून घाला. पहिला आठवडा रोज दोनदा असंच फिरवत जा. बुधला १६ ते २० अंशांत असावा.

तीन-चार आठवड्यांनी ग्रॅव्हिटी १.०००च्या आसपास थांबते. अकरा-बारा टक्के अल्कोहोल. त्या वेळी चव घ्या, पण मत बनवू नका. कोवळं मीड तिखट, पोकळ आणि थोडं औषधी लागतं. सायफनने दुसऱ्या बुधल्यात काढा, गाळ मागे. गाळ वगळल्याने वर मोकळी जागा राहते आणि तिथली हवा मीडला खाते. त्यासाठी निर्जंतुक काचेच्या गोट्या टाकून पातळी वर आणा किंवा सरळ लहान बुधला घ्या. मग दोन-तीन महिने विसरा. बुधल्याच्या पलीकडे धरलेला छापील कागद वाचता आला की बाटलीत भरायला तयार.

कोरडं मीड आवडत नसेल, तर गोड करता येतं, पण क्रम पाळा. आधी कॅम्पडेनची एक गोळी आणि अर्धा छोटा चमचा पोटॅशियम सॉर्बेट, दिवसभर थांबा, मगच चवीपुरता मध. सॉर्बेट न घालता मध घातलात तर बाटलीत पुन्हा आंबणं सुरू होतं, आणि वर कपाटाची हकीकत सांगितलीच आहे.

चव बिघडली तर

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास: बिअर घाईने काढली, आणखी आठवडाभर ठेवा. लोणी किंवा पॉपकॉर्न: यीस्टला शेवटी पुरेसा वेळ किंवा ऊब मिळाली नाही, किंवा संसर्ग. ओला पुठ्ठा: बाटल्या भरताना हवा लागली, याला इलाज नाही, लवकर पिऊन टाका. बँडेजचा वास: पाण्यातलं क्लोरीन, किंवा धुण्यात हयगय. आंबट आणि वर सुरकुतलेला पापुद्रा: जंतू शिरले, ओतून द्या आणि प्लॅस्टिकची नळी बदला. यांतलं काही माणसाला मारत नाही, पण पाहुण्यांना ‘घरची आहे ना, छान आहे’ म्हणायला लावू नये.

अमेरिकन होमब्रूअर्स असोसिएशन ही संस्था १९७८मध्ये कोलोराडोतल्या बोल्डरला चार्ली पपाझियन आणि चार्ली मॅट्झेन यांनी सुरू केली. मे महिन्याच्या पहिल्या शनिवारी तिचा ‘बिग ब्रू’, म्हणजे सगळ्यांनी मिळून बिअर करण्याचा दिवस, असतो आणि नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी नवशिक्यांना शिकवण्याचा दिवस. त्या दिवशी गावातल्या एखाद्या क्लबच्या आवारात जाऊन उभं राहिलात, तर कुणीतरी हातात ढवळणं देतंच. पहिली खेप घरी एकट्याने करण्याआधी एकदा जाऊन या.

मीडच्या बाटल्यांवर तारीख, मधाचा प्रकार आणि दोन्ही ग्रॅव्हिटी लिहून चिकटवा. गॅलनमधून ७५० मिलिलिटरच्या जेमतेम चार निघतात. एक सहा महिन्यांनी उघडा, एक वर्षाने. उरलेल्या दोन अशा ठिकाणी ठेवा, जिथे मित्र आपण होऊन जाणार नाहीत.